दुधाचं निमित्त

या लग्नाला आपल्यातलं कुणी जाणार नाही, असं भालचंद्ररावांनीच बायकोला ठणकावलं होतं. आज ती भाजीला गेली, तसे ते घरच्याच लेंगा-बंडीवर, दुधाची किटली घेऊन निसटले. वाटेत तिची गाठ पडलीच, तर निमित्त हवं!

विवाह नोंदणी कार्यालयाच्या दाराशी मात्र पाय अडखळले. आत लेक शालूत नटलेली; आणि बाप हा असा! किटली या हातातून त्या हातात गेली. आत जावं? की तोंड न दाखवताच परतावं?

घाम पुसत ते खांबाआड सरकले, तर तिथे बायको उभी.

“भाजी... मिळाली?” त्यांनी चाचरत विचारलं.

“किती हो उशीर!” म्हणत तिनं पिशवीतून त्यांचा रेशमी झब्बा काढला.