ताऱ्याचं टोक

"कुणी सांगितलं होतं तारा पुरा करायला, मामू?" सुफियान खेकसला.

"अपुरा दिसत होता रे. पाहुण्यांत लाज गेली असती," मामू पुटपुटले.

मशिदीतली ही नक्षी आपोआप वाढायची, एका फरशीतून दुसरी उगवायची. म्हणून कारागीर पहिल्या ताऱ्याचं एक टोक मुद्दाम सोडून देत. पूर्ण काय तो एक अल्ला, असं म्हणत; तेवढ्यानं नक्षीही बेतात राहायची. मामूंनी सकाळी ते टोक बसवलं आणि दुपारपर्यंत दार बुजलं. आत सुफियानची धाकटी बहीण मुनिरा रडत होती. दारावर घाव घातला की फरशी लगेच भरून यायची. उरली होती एक खिडकी, आतून मुनिराचा हात न पोचणारी, तीही आक्रसत चाललेली.

सुफियाननं मामूंच्या हातातली छिन्नी हिसकावली. "ते टोक आत जाऊनच उडवायला हवं."

"अन् तोवर खिडकी मिटली तर?"

"मग घाला शिव्या. सरका, जायचंय मला आता."