रावीचं पाणी

"जिरवलीस की रं त्यांची!" बाळासोनं अंबादासच्या पाठीत थाप मारली. पाणपोईपाशी जमलेली माणसं हसली. पंजाबात रावीच्या बंधाऱ्यावर नोकरीला असलेला गल्लीतला पोरगा रजेवर आला होता. पाकिस्तानात जाणारं पाणी तोडायचा हुकूम सुटला, तेव्हा कालव्याचे दरवाजे त्यानंच बंद केले होते.

"आपली नदी, आपलं पाणी. त्यास्नी कशापायी द्यायचं?" बाळासो म्हणाला. त्याची स्वतःची मजल कधी पंचगंगेच्या घाटापलीकडं गेली नव्हती.

कालव्याकाठची गावं अंबादासला ठाऊक होती. शेताला तेच पाणी, प्यायलाही तेच. त्यातल्याच एका गावात अमीरबी होती, समोरच्या खैरुनबीची लेक. लहानपणी दर उन्हाळ्यात दोघं मिळून ह्याच पाणपोईवर वाटसरूंना पाणी द्यायची. रांजणात वाळा टाकायचा मान मात्र तिचा. फाळणी झाली आणि ती नवऱ्याबरोबर लाहोरकडं गेली. हुकूम आला तेव्हा अंबादासच्या डोळ्यांपुढं तीच उभी राहिली. तरी त्यानं दरवाजे बंद केले. नोकरी होती.

पुढं दोन्ही सरकारांची बोलणी झाली. दरवाजे उघडायलाही तोच होता. तेवढं एक समाधान घेऊन तो गावी आला होता. कधी एकदा खैरुनचाचीला सांगतो, असं त्याला झालं होतं.

आज अक्षयतृतीया. त्याच्या आईनं सकाळीच वडिलांच्या नावानं पाण्याची घागर भरून दिली होती. गेलेल्या माणसाला ह्या दिवशी पाणी द्यायचं, हा घरचा रिवाज.

समोरून खैरुनबी आली. हातात नवीकोरी घागर.

"चाची, आता काळजी करू नगंस," अंबादास घाईनं म्हणाला. "पाणी सोडलंय. मीच सोडलंय, ह्या हातानं. अमीरच्या गावाला पोचलं असंल."

"पोचलं की," खैरुनबी म्हणाली. "काल निरोप आला. कालवा आटला तवा डबक्यातलं पाणी प्याली. पटकी झाली. तू सोडलेल्या पाण्यानं तिला शेवटची आंघोळ घातली."

तिनं घागर पुढं केली. "तुमच्यात आज गेलेल्या माणसाला पाणी देत्यात न्हवं? आमच्यात असा दिवस न्हाय. पर माझी पोर तहानंनं गेली रं. भर."