सोळा रेघा

धानाची पात लागून दिघोरीच्या आनंदाबाईचं बुबुळ पांढरं पडलं होतं, आणि आज त्या जागी दुसऱ्या कुणाचं तरी बुबुळ शिवायचं होतं. इंजेक्शननं डोळा बधिर झाला होता, तोंडावर हिरवं कापड होतं. कान मात्र टक्क जागे होते.

"सिस्टर, मार्करला शाई लावून द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आधी बुबुळावर सोळा रेघा उमटवू, मग रेघेरेघेवर टाका."

चाळीस वर्षं आनंदाबाईनं नुसत्या नजरेनं धान रोवलं होतं. ओळ आखायला दोरी लागते ती नवशिक्यांना, आणि वाकडं रोवणाऱ्या पोरींना तर ती सरळ धानाच्या बांधीतून, शेतातूनच हाकलून द्यायची. अन् ही बाई चक्क डोळ्यावर रेघा आखायला निघाली!

"बाई," तिनं विचारलं, "पहिल्यांदाच करून राहिल्या का जी?"

मास्कच्या आडून डॉक्टरीणबाई हसल्या.


"नाही काकू. मी डोमाची पोरगी, गुड्डी. वाकडी रोवते म्हणून तुम्हीच हाकललं होतं न मले? तवापासून आखल्याबिगर मी कशालेच हात नाही लावत."