दादाला खुनी सापडेना

"माळी!" दादाने एकशे बाराव्या पानावर बोट आपटलं. "खुनी माळीच आहे, ठमे. लिहून ठेव."

ठमीने लिहून ठेवलं नाही. ती टेबलापलीकडे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती. दादा शवागारातला डॉक्टर. प्रेतं तपासून मरणाचं कारण आणि वेळ सांगण्यात त्याची तेवीस वर्षं गेली होती. लहानपणी बिस्किटं कुणी पळवली, हे तो ठमीच्या नखांतल्या चुऱ्यावरून सिद्ध करायचा आणि वर धपाटा घालायचा.

तिच्या पहिल्या कादंबरीतला खुनी त्याने चाळिसाव्या पानावर पकडला. दुसरीतला अकराव्या. दोन्ही बाडं कपाटाच्या तळाशी गेली. आता हे तिसरं. शेवटच्या पानाआधी दादाने खुनी ओळखला, तर लिहिणं कायमचं बंद. नाही ओळखला, तर उद्या सकाळी बाड प्रकाशकाकडे. ठमीने मनाशी तशी शपथच घेतली होती.

कादंबरीत पाच खून होते. पाचही प्रेतं एका टकल्या, चिडक्या, हुशार डॉक्टरच्या टेबलावर येत होती. "अगं, हा तर मीच!" दादा सुरुवातीलाच खूश झाला होता.

एकशे तिसाव्या पानावर त्याचा चेहरा पडला. "माळी नाही. खून दुपारी तीनला झाला, तेव्हा हा गाढव दाढ काढून घेत होता."

मग घरमालक. तो त्या वेळी आगगाडीत होता. मग विधवा मावशी. तिला तर पोलिसांनीच चौकीत बसवून ठेवलेलं. दादाने कुत्र्यावरही संशय घेतला आणि लगेच मागे घेतला. ठमीला आतून नुसत्या उकळ्या फुटत होत्या.

"अहो, जेवण गार झालं," वहिनी म्हणाली.

"मध्ये बोलू नकोस. तपास चालू आहे."

दादाचा देवावर विश्वास नव्हता, हवामान खात्यावर नव्हता, वहिनीच्या घड्याळावर तर मुळीच नव्हता. त्याने पाठकोऱ्या कागदावर खुनांच्या पाच वेळा मांडल्या, प्रत्येकासमोर माणसं लिहिली आणि एकेक करून सगळी खोडली. कागदावर माणूस उरला नाही.

"शक्यच नाही!" तो टक्कल चोळत म्हणाला. "या वेळा पाहता हे खून कुणी करूच शकत नाही."

"हरलास म्हण."

"हरलो. पण तुझी कादंबरी चुकली आहे."

"पान उलट, दादा."

त्याने शेवटचं पान उलटलं. त्यात डॉक्टर शांतपणे हात धूत सांगत होता, की खून त्यानेच केले आणि मृत्यूच्या पाचही वेळा त्यानेच खोट्या लिहिल्या. दादाचं टक्कल कपाळापासून मागेपर्यंत लाल होत गेलं.

ठमीने किंकाळी फोडली. तिने वहिनीला धरून दोन गिरक्या घेतल्या, खुर्ची पाडली, पडलेल्या खुर्चीला नमस्कार केला. अडतीस वर्षांत तिने दादाला पहिल्यांदाच चकवलं होतं.

"ही लबाडी आहे!" दादा कळवळून ओरडला. "मी त्याच्यावर संशय घेणार कसा? पाचही अहवालांवर त्याची सही होती!"