आधी नाव, मग घास

कराडच्या कार्यालयात विहिणींची पंगत बसली होती. केतकीने नवऱ्याला भरवायला जिलबीचा तुकडा उचलला, तशी नणंद ओरडली, “असं नाही हं वहिनी! आधी उखाण्यात नाव, मग घास!”

केतकी हसून थांबली. उखाणा कानातला फोन सांगणारच होता. समोरचं माणूस कोण, त्याच्याशी काय बोलायचं, हे ती शाळेत असल्यापासून तो तिच्या कानात कुजबुजत आला होता. नवऱ्याशी जमलं तेही त्यानेच पुरवलेल्या वाक्यांवर. पण आत्ता कानात नुसती खरखर येत होती. गावातला टॉवर बंद पडला होता.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. चेहरा आवडता होता, पण नाव काही केल्या आठवेना.

“अगं, लाजतेस काय एवढी?” कुणीतरी म्हणालं. मग हसणं हळूहळू विरलं. एकेकीचा हात आपापल्या कानाकडे जाऊ लागला. नणंदही तिच्याकडे परक्यासारखी पाहू लागली.

केतकीने घाबरून हाक मारली, “आई!”

पंगतीतल्या सगळ्या बायकांनी वर पाहिलं. मग त्या एकमेकींकडे पाहत राहिल्या. उठलं कुणीच नाही.