अर्धी ओळ

रोह्यात फिजिओथेरपीची परीक्षा होती. पेशंट होते बायपास झालेले पेणचे कीर्तनकार, विद्यार्थिनी भाविकाचे बाबा. नातं नडलं, सरांनी त्यांना तिच्या वर्गातल्या साहिलकडे दिलं. घरी तिला "गप गो" म्हणणारे बाबा साहिलला "व्हय महाराज" म्हणत व्यायामाची सायकल मारत होते. भाविका जळत होती. देवा, हा चुकू दे! "बुवा, बोलता यावं पण गाता येऊ नये, इतकाच जोर लावा," साहिल म्हणाला. बाबांनी अभंग धरला, अर्ध्या ओळीवर हात पसरले. "गातायत की! जोर कमी पडतोय," म्हणत साहिलने सायकल जड केली. दम संपला की बाबा असे हात पसरून उरलेली ओळ टाळकऱ्यांवर सोपवतात, हे त्यांच्या कीर्तनात टाळ धरणाऱ्या भाविकालाच ठाऊक. तिने धावत सायकल थांबवली. "कशाला गो? पोराची परीक्षा हाय!" धापा टाकत बाबांनी साहिलच्या खांद्यावर हात ठेवला. भाविकाने तो उचलून आपल्या खांद्यावर घेतला.