तिसऱ्या भागातला चंदू

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांचे दिवस. लालबागच्या रस्त्यांवर संचारबंदी होती, म्हणून चाळीतली पोरं नानांच्या खोलीत शिकायला बसायची. आग ओकणाऱ्या ड्रॅगनच्या गोष्टीचा तिसरा, शेवटचा भाग आज त्यांनी वाचून संपवला होता.

"कसा वाटला रे?" नानांनी विचारलं.

"शेवट एकदम बंडल!" तुळशीदास म्हणाला. "ड्रॅगन चंदूला घेऊन जातो. असं कुठं असतं?"

"मला तर रडूच आलं," गुणवंती म्हणाली.

नाना गोंधळले. पहिल्या दोन भागांत कुणी चंदू नव्हता. चंदू होता तो शेजारच्या कमळाबाईंचा एकुलता एक. कालच या चटईवर बसून तो पाढे म्हणत होता.

"अरे, आपला चंदू का नाही आला आज?"

"आपला कुठला, नाना? चंदू पुस्तकातला!" पोरं खो खो हसली.

नाना तसेच उठून शेजारच्या दारात गेले. कमळाबाई एकटीपुरती भाकरी थापत होत्या.

"कमळाबाई, चंदू कुठं आहे?"

त्यांनी पदरानं डोळे टिपले.

"पोरांनी मलापण वाचून दाखवलं, नाना. जीव नुसता तुटला. कुणाचं हो ते लेकरू?"